मागचा आवाज

आमच्या सरांकडे गाणं ऐकायचं म्हणजे आधी फ्रीज बंद करावा लागे. मग पंखा. मग स्वयंपाकघरातला नळ ठिबकत असेल तर त्याच्याखाली दुमडलेलं फडकं. एवढं झालं की सर भिंतीवरच्या घड्याळाकडे रागाने बघत, ते उतरवत आणि आतल्या खोलीत गादीखाली ठेवून येत.

"बस," ते म्हणत. "आणि श्वास घे, पण जरा बेताने."

ठाकूरद्वारच्या वाडीत दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. गाणं ऐकायची वेळ रविवारी दुपारची, वाडी जेवून आडवी झाली की. बाहेरच्या खोलीत एकच खुर्ची. तिचे चारही पाय जमिनीवर खडूने आखलेल्या चौकोनांत बसवलेले. पाहुण्याने त्या खुर्चीत बसायचं आणि सरांनी बाजूला स्टुलावर. समोर दोन उंच स्पीकर, मध्ये अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याच्या डोक्यावर काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एक डबी. फोनमधल्या आकड्यांचा आवाज करायचं काम ती डबी करते, असं सर सांगत. भिंतींना गोधड्या टांगलेल्या. घरात सोफा नव्हता, टीव्ही नव्हता. जेवायला सर जमिनीवरच बसत, कारण डायनिंग टेबल ठेवलं असतं तर आवाज त्याच्यावर आपटला असता.

मी त्यांच्या हाताखाली काम करत होते. परळला, एका जुन्या मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत आमचं विमा कंपनीचं ऑफिस होतं. सर क्लेम विभागाचे प्रमुख. संशय घेणं हा त्यांचा पेशाच. "कागदावर आग लागलेली दिसतेय," फाईल परत करताना ते म्हणायचे, "गोदामात लागली होती का, ते जाऊन बघून या." पुराव्याशिवाय माणसावर विश्वास ठेवायचा नाही, असं त्यांनी आम्हाला शिकवलं. आणि घरी गेल्यावर स्वतः मात्र एकाच गोष्टीवर, पुरावा नसताना, ठाम विश्वास ठेवून बसायचे.

त्यांची माझी पहिली भेट डबा खाताना झाली. मी कानात इअरफोन घालून गाणं ऐकत जेवत होते. समोर येऊन त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, फाईल मागतायत. त्यांनी एक इअरफोन घेतला, रुमालाने पुसला, कानाला लावला आणि परत दिला.

"कोण गातंय? आणि तिला डब्यात का कोंडलंय?"

दुसऱ्या दिवशी ते नारळाच्या कवट्यांएवढे हेडफोन घेऊन आले. माझाच फोन, माझंच गाणं. मुखडा संपला आणि अंतरा सुरू होण्याआधी मला गाणाऱ्या बाईचा श्वास ऐकू आला. घाईत घेतलेला, अर्धवट. ते गाणं मी शाळेपासून ऐकत होते. तो श्वास मला माहीतच नव्हता.

"सर, फाईल तीच?"

"तीच."

"मग हे आलं कुठून?"

"होतंच. तुझ्या त्या दोरीला सांगता येत नव्हतं."

त्या दिवसापासून आमचा वाद सुरू झाला. तो पुढे कितीतरी दिवस संपला नाही. मी चार ठिकाणी वाचलं, लोकांना विचारलं, आणि त्यांना सांगितलं की फाईल छोटी करताना आवाजातला बराच भाग काढून फेकून देतात. चांगला स्पीकर उरलेलं नीट दाखवेल, पण जे फेकलंय ते कुठून आणणार?

"फेकलंय हे तू बघितलंस?"

"सर, सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे."

"जळलेल्या गोदामातही माल शाबूत निघतो," ते म्हणाले. "मालक रडत असतो, सगळं गेलं, सगळं गेलं. आपण आत जाऊन राख उपसली की खाली गठ्ठे तसेच असतात. बघायला जावं लागतं, बस."

आवाज वाईट असेल तिथे ते थांबू शकत नसत, थांबावं लागलं तर दुरुस्त करत. दादरच्या एका उडप्याकडे त्यांनी गल्ल्यावरच्या माणसाला खुर्चीवर चढवून वरचा स्पीकर भिंतीकडून ग्राहकांकडे वळवायला लावला होता. हिंदमाताजवळच्या हॉलमध्ये आमच्या एका सहकाऱ्याचं लग्न होतं. सनई कानात टोचत होती. सर आहेर द्यायचं सोडून मंडपाच्या मागे गेले, एका स्पीकरची वायर उलटी जोडली होती ती सुलटी केली आणि धुळीने माखून बाहेर आले. नवरीचे वडील त्यांना मंडपवाला समजले. "अहो, खुर्च्या कमी पडतायत, लवकर बघा." सरांनी खुर्च्या आणून मांडल्या. मग हात धुऊन पंगतीत बसले, आणि मला म्हणाले, "आता सनई सनईसारखी वाटतेय की नाही?"

वाटत होती, खरंच.

त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला बरीच गाणी ऐकवली. मग स्टुलावरून उठून अ‍ॅम्प्लिफायरची पाठ उगाच पुसली आणि म्हणाले, "आता एक घरचं."

बायकांचं गाणं होतं. गौरीच्या वेळी म्हणतात तसलं. टाळ वाजत होते, पण तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखे. टाळ्या, बांगड्या, कुठेतरी मूल रडत होतं, आणि या सगळ्यावरून एक आवाज. उंच, मोकळा, जरा नाकातला. बाकीच्या बायकांचा मागे नुसता धूर.

"ही माझी बायको," सर म्हणाले.

त्यांची बायको लालबागची. माहेर मूळ मालवणकडचं, वडील मिलमध्ये. चाळीतल्या बायकांच्या भजनी मंडळात ती आणि तिची धाकटी बहीण दोघी गात. लग्नानंतर दर गौरीला ती माहेरी जाई आणि सर तिला सोडून परत येत, कारण बायकांच्या गाण्यात पुरुषाने काय बसायचं. घरी ती कधी गायली नाही. कामाच्या नादात गुणगुणली असेल, पण तेव्हा सरांच्या घरात साधा रेडिओ होता, त्यावर ते बातम्या ऐकत आणि बातम्या संपल्या की बंद करत. आवाजाचं वेड तेव्हा नव्हतंच. ती आजारी पडली आणि गेली. काही महिन्यांनी तिच्या भावाने एक सीडी आणून दिली. "ताईच्या गाण्याची कॅसेट होती, तिच्यावरून करून घेतली." दादरच्या कुठल्याशा दुकानदाराने एकाच सीडीत जास्तीत जास्त गाणी कोंबायची म्हणून फायली अगदी चिमूटभर करून दिल्या होत्या. आणि मूळ कॅसेट, चाळ पाडताना सामान हलवलं त्यात कुठे गेली ते कुणालाच आठवत नव्हतं.

"लग्नाला इतकी वर्षं झाली होती," सर म्हणाले, "आणि ती अशी गाते हे मला ती गेल्यावर कळलं. ते पण एवढंसं."

मग मला खुर्चीचा, गोधड्यांचा, डबीचा अर्थ लागला. सर गाणी ऐकत नव्हते. राख उपसत होते.

ऑफिसमधला अकाउंट्सचा संदेश भायखळ्याचा. त्याला हे काही माहीत नव्हतं. सरांनी आणखी महागातली एक डबी घेतली तेव्हा त्याने पैज लावली की साधा फोन आणि डबी यातला फरक सरांना डोळे मिटून ओळखता येणार नाही. सर लगेच तयार. जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बसवलं, हेडफोन घातले, आणि संदेश पाठीमागून कधी हे तर कधी ते जोडत राहिला. सरांची जितकी उत्तरं बरोबर आली, तितकीच चुकीची. आम्ही नाणं उडवलं असतं तरी तेवढीच बरोबर आली असती. संदेशने जोरात टाळी वाजवली आणि मग सरांचा चेहरा बघून हात खाली घेतला.

सर हसले. "क्लेम नामंजूर," म्हणाले, आणि सगळ्यांना चहा सांगितला.

मला वाटलं, सर यातून सुटले. पुढच्याच महिन्यात त्यांनी नवे स्पीकर घ्यायचं काढलं. मला राग आला.

"सर, तुम्ही स्वतः टेस्ट दिलीत. स्वतः हरलात."

"अगं, ते दुसऱ्या कुणाचं गाणं होतं."

"तिचं लावलं असतं तर ओळखलं असतंत?"

"तिचं मी टेस्टला लावत नाही," ते म्हणाले. तो विषय तिथेच संपला.

नवे स्पीकर आले. ते चांगलेच होते, हे मी आजही म्हणेन. त्या चिमूटभर फायलीतून त्यांनी जे काढलं ते आधीच्यांनी काढलं नव्हतं. टाळ आता टाळ वाटायला लागले. रडणारं मूल डाव्या बाजूला सरकलं, आणि कोणीतरी त्याला घेऊन उठल्यासारखं वाटे. पुढचा आवाज तर इतका समोर आला की मला बाईच्या कपाळावरचा घाम दिसावा. सर आठवडाभर ऑफिसमध्ये शीळ घालत फिरत होते. रविवारी त्यांनी मेहुणीला बोलावलं, लालबागहून. मलाही बोलावलं.

मेहुणी पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, चालताना गुडघ्यावर हात. घावणे घेऊन आली होती. फ्रीज बंद करताना तिने "आतला दूध नासात" म्हणून कुरकुर केली. सरांनी तिला खडूच्या चौकोनातल्या खुर्चीत बसवलं. गाणं सुरू झालं. तिचा चेहरा उजळला, ती पायाने ठेका धरायला लागली. मग थांबली. आधी स्पीकरकडे बघितलं, मग सरांकडे.

"भावोजी, ह्यां कोणाचा म्हणून ऐकतास?"

"म्हणजे? तुझ्या ताईचं."

"ताईचो आवाज नाय ह्यो. माझो आसा."

सर स्पीकरकडे वळून बघायला लागले. ती मात्र हसायला लागली, लाजून, पदर तोंडाला लावून. "शी, किती वरडत होतंय मी तेव्हा. पुढे मीच म्हणायची. ताई मागसून घ्यायची. तिच्या लक्षात शब्द रवत नव्हते ना, मग माझ्या तोंडाकडे बगून मागसून म्हणायची. थांबा, दाखवतंय. आता... आता बगा... ही ताई! गेली."

सरांनी गाणं मागे घेतलं. पुन्हा लावलं. तिने पुन्हा बोट वर केलं, "ही!" आणि बोट खाली आलं. तिला ते ऐकू येत होतं, कारण ती जागा तिला पाठ होती. सर पुढे झुकले होते. गाणं पुन्हा, पुन्हा. मला ओळीच्या शेवटी एक सावलीसारखं काहीतरी जाणवलं, की जाणवावंसं वाटलं, कोण जाणे. सरांना मी विचारलं नाही. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, ते तोंडावरून कळत होतं.

मेहुणीच्या तेव्हा लक्षात आलं. पदर तोंडावरून खाली आला. "भावोजी," ती म्हणाली, "इतकी वर्सां तुम्ही माझोच..." आणि थांबली.

"आवाज सारखे होते तुमचे," सर म्हणाले. "घावणे गार होतायत."

त्या आठवड्यात ते मला दादरच्या एका स्टुडिओत घेऊन गेले. तिथली इंजिनियर पंचविशीतली मुलगी होती, कडक चहा पिणारी, सरांशी अदबीने बोलणारी. तिने फाईल ऐकली, पडद्यावर फायलीतल्या आवाजाचे रंगीत डोंगर काढून बघितले, पुन्हा ऐकली.

"काका, खरं सांगू ना?"

"खरंच सांगायचं."

"मोठ्या आवाजाला चिकटून लहान आवाज असला तर तो आपल्या कानाला फारसा कळत नाही. मग फाईल छोटी करताना आधी तोच काढतात. कुणाला काय फरक पडणार, असा हिशोब असतो. या बाईंच्या मागे जो आवाज होता, तोच नेमका गेलाय. जागोजागी थोडा राहिलाय, पण तुकडे."

"कितीही चांगले स्पीकर आणले तरी?"

"स्पीकर काय करणार, काका? नाहीये ते नाहीये. उलट जितके चांगले आणाल तितकं नाहीये हे जास्त कळेल."

सर मान हलवत होते. एखादा क्लेम स्वतः तपासून परत आल्यासारखे. मुलगीच मग पुढे म्हणाली, "पण आता एआय आहे. हे तुकडे घेऊन मधलं भरून काढता येईल. पुढचा आवाज बाजूला करायचा, मागचा पूर्ण तयार करायचा. खूप जवळ जातं."

"तिचा आवाज?"

"तिच्यासारखा."

"तिच्यासारखा म्हणजे बनवलेला."

"काका, तुम्हाला ओळखू येणार नाही."

"तेच," सर म्हणाले. "मला ओळखू येणार नाही. एकदा झालंय तसं." त्यांनी तिचे आभार मानले आणि उठले. जिना उतरताना एकदा त्यांनी कठडा धरला. मी हात पुढे केला तर म्हणाले, "मी ठीक आहे. अंधार आहे जरा."

अंधार नव्हता. भर दुपार होती.

त्यानंतर सर गाण्याबद्दल बोलेनासे झाले. मी इअरफोन घालून जेवले तरी बाजूने निघून जात. त्यांच्या निरोपसमारंभाला कोणीतरी फोनच्या स्पीकरवर, टेबलावर उताणा ठेवून, गाणं लावलं. ते इतकं वाईट वाजत होतं की मी सरांकडे बघत राहिले, आता उठतील, आता काहीतरी म्हणतील. ते हातातला वेफर खात राहिले. त्या दिवशी मला खरं वाईट वाटलं. निवृत्तीचं नाही.

सर गेल्या वर्षी गेले. वाडी पाडली, तिथे आता पत्रे लागलेत. स्पीकर मेहुणीच्या लालबागच्या नव्या घरात आहेत, टीव्हीच्या दोन बाजूंना, एकावर तुळशीची कुंडी. मी कधी तिच्याकडे गेले की ती कुंडी उचलते आणि मला म्हणते, "लाव गो काय तरी." आम्ही दोघी ऐकतो. सरांची आठवण आली की मला वाटतं, त्या सगळ्या रविवारांतला एकच रविवार आठवावा.

ते निवृत्त होऊन थोडे दिवस झाले होते. मेहुणीचा मला फोन आला की भावोजी तिचा फोन घेत नाहीत, तू येतेस का बरोबर. आम्ही दोघी गेलो. सरांनी दार उघडलं. दाढी वाढलेली. आत स्पीकरवर पांढऱ्या चादरी.

"मेल्या माणसासारखे झाकलात कित्याक?" मेहुणी म्हणाली आणि तिने स्वतःच चादरी ओढून घड्या घातल्या. "लावा."

"काय लावू?"

"ताच. ताईचा गाणा."

"ते तुझं गाणं आहे."

"लावा म्हणतंय ना. पुढचा तिकडे मी म्हणतंय, तरुणपणातली मी. मागचा हयसर बसून म्हणतंय. ताईचा माका पाठ आसा. आयुष्यभर तिका मागसून ऐकलंय."

सरांनी लावलं. एकदा चुकीचं बटण दाबलं गेलं. मेहुणी खुर्चीत बसली नाही, जमिनीवर मांडी घालून बसली. समोरून तिचा तरुणपणीचा आवाज आला, उंच, बिनधास्त. पहिल्या ओळीला तिला जमलं नाही. खोकली. दुसऱ्या ओळीला तिने समोरच्या आवाजाकडे तोंड वर करून बघितलं, जसं कोणी बोलणाऱ्याकडे बघतं, आणि शब्द संपता संपता मागून उचलला. खालच्या पट्टीत. जरा उशिरा, जरा चाचरत, ओळीच्या शेवटी मात्र घट्ट धरून ठेवल्यासारखा. तिचा स्वतःचा आवाज तसा नव्हता. ती मुद्दाम तसं म्हणत होती, बहीण जशी म्हणायची तसं.

सर स्टुलावरून खाली बसले. भिंतीला टेकून. ते तिच्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. थोड्या वेळाने त्यांचा हात अ‍ॅम्प्लिफायरकडे गेला. त्यांनी आवाज हळूहळू कमी करायला घेतला. मला कळलं ते काय करतायत. पुढचा आवाज बाजूला करून त्यांना फक्त मागचा ऐकायचा होता. स्पीकर बारीक झाले, आणखी बारीक झाले, आणि खोलीत फक्त तो खालच्या पट्टीतला, चाचरणारा आवाज उरला. एक ओळ, अर्धी ओळ.

आणि तो थांबला.

"भावोजी," मेहुणी म्हणाली, "ता बारीक कित्याक केलात? माका शब्द कळाक नकोत काय?"

सरांनी तिच्याकडे बघितलं.

"ती माझ्याच मागसून म्हणायची ना. मी गप झालंय तर ती काय म्हणतली?"

सरांनी आवाज परत वाढवला, होता तिथपर्यंत, मग त्याहून थोडा जास्त. समोरची मुलगी पुन्हा ओरडून गायला लागली, टाळ वाजले, मूल रडलं, आणि तिच्या मागून दुसरा आवाज पुन्हा चालू लागला, गाणं संपेपर्यंत.

संपल्यावर खाली वाडीत कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला.

"नेहमी अशीच म्हणायची?" सरांनी विचारलं.

"नेहमी."

"उशिरा?"

"जरासा उशिरा. पण चुकायची नाय."

सरांनी मान डोलावली. त्यांना उठवेना, म्हणून मीच पुढे झाले आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.